कीबोर्डाचं गाऱ्हाणं

सगळ्यात आधी एक सांगून टाकते. माझं लक्ष कामावरच होतं. हे मी इतक्यांदा इतक्या लोकांना सांगितलंय की आता कोणी न विचारताही सांगते. चहा देणाऱ्यालाही सांगेन.

माझं काम टाइप करण्याचं. डॉक्टर लोक रुग्ण तपासून झाला की काय दिसलं, काय नाही, ते भराभर रेकॉर्डवर बोलून मोकळे होतात. कोणी पान चघळत बोलतं, कोणी जांभई देत. ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि स्वच्छ अहवाल टाइप करून पाठवायचा. यंत्रांना आमच्या डॉक्टरांचे उच्चार अजून नीट कळत नाहीत, म्हणून माझी नोकरी शाबूत आहे. मुंबईतल्या एका कंपनीत मी अर्धं आयुष्य हेच केलं आणि माझा अहवाल परत आला असं फार क्वचित झालं. चुका शोधायला नवीन मुली बसवायच्या तेव्हा माझे अहवाल त्यांना नमुना म्हणून देत.

आई गेली तेव्हा बाबा मालवणात एकटे पडले. त्यांच्याजवळ राहून घरूनच काम करायचं मी ठरवलं. लग्नाचं मला विचारू नका, ते केलं नाही, त्यामुळे कोणाची परवानगी काढायची नव्हती. फक्त कंपनीची काढायची होती. ती मिळाली, पण अटींसकट. कॉम्प्युटर कंपनीचा, कीबोर्ड आणि माऊसही कंपनीचाच, बिनवायरचा. त्यांचे हवेतून येणारे सिग्नल पकडणारा नखाएवढा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलेला. बाजारातला दुसरा कीबोर्ड लावला तर मशीन तो ओळखायलाच नकार देतं. सुरक्षेसाठी म्हणे. मी वायरवाला मागितला तर कळलं, वायरवाले आता देत नाहीत. दोन हात लांबीच्या वायरीने कंपनीचं काय घोडं मारलं होतं ते मला आजवर समजलेलं नाही.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी अक्षरं गळायला लागली. मी दाबलेलं अक्षर पडद्यावर यायचंच नाही, नाहीतर एकाच्या जागी तीन यायची. माऊसचा बाण मध्येच थिजायचा आणि हलला की उडी मारून भलतीकडे जायचा. मी बॅटऱ्या बदलल्या. बाण जरा शहाण्यासारखा वागला आणि दुपारी जेवायच्या आधी पुन्हा त्याच्या अंगात आलं. मी प्रत्येक ओळ परत वाचायला लागले, पण वाचायला वेळ जातो आणि अहवाल तर वेळेत हवे असतात. शेवटी व्हायचं ते झालं. एका बाईंच्या मूत्रपिंडात खडा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्या अहवालातला 'नाही' एवढाच शब्द गळला आणि त्या बाईंना कागदावर खडा झाला. अहवालाच्या तपासणीत ती चूक सापडली म्हणून निभावलं.

आठवड्याच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी तो अहवाल सगळ्यांना दाखवला. साहेब माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान. म्हणाले, "मॅडम, समुद्र बघत टाइप करू नका." सगळे हसले. ज्या मुलींना मी स्वल्पविराम कुठे द्यायचा ते शिकवलं होतं, त्यासुद्धा हसल्या. माझ्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, शेजारच्यांची वाळत घातलेली जाळी दिसतात. मी हे सांगायला तोंड उघडलं तोवर मीटिंग पुढच्या विषयावर गेली होती. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

मग मी कंपनीच्या मदत विभागाला फोन केला. तिथल्या माणसाने विचारलं, मशीन बंद करून चालू केलं का? केलं. रिसीव्हर काढून परत लावला का? लावला. मग तो म्हणाला, "तुमच्याकडे समुद्र आहे ना, मग हवेचा प्रॉब्लेम असेल." मालवणच्या बाजारात ज्याच्याकडून चार्जर, बॅटऱ्या घेतो त्या दुकानदाराला विचारलं, तर तोही अगदी खात्रीने म्हणाला, "खारी हवा, बाकी काय नाय." आमच्याकडे हे एक बरं आहे. पंखा बिघडला, खारी हवा. गेटची कडी मोडली, खारी हवा. कोणाचं लग्न मोडलं तरी पहिल्यांदा तिच्याचकडे बोट जाईल.

पण मीही याच गावची. ऐकलं की पटतंच. आमच्या घरात विजेची कुठलीही नवीन वस्तू आली की ती खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला टेकवून, वर फडकं घालून ठेवायची हा जन्मापासूनचा रिवाज. म्हणून मी तसंच केलं. टेबल खिडकीपासून ओढत आणलं आणि आतल्या भिंतीला लावलं. कॉम्प्युटर भिंतीशी अगदी चिकटवला आणि वर आईचं जुनं लुगडं दुमडून टाकलं. घाम पुसला आणि कामाला बसले, तर अक्षरं आधीपेक्षा जास्त गळायला लागली. आता तर तिन्हीसांजेलाही. त्या दिवशी मी कीबोर्डाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या मीटिंगनंतर साहेबांनी मला एकटीला थांबवून घेतलं. आवाज एकदम गोड. म्हणाले, "घरून तुम्हाला जमत नाहीये, मॅडम. यात लाजण्यासारखं काही नाही. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर तुम्ही ऑफिसलाच या. इथे नजरेसमोर असलं की लक्ष राहतं." मी बिघाडाचं सांगितलं. "हो हो, मशीनचं पण बघू," म्हणाले, लहान मुलाच्या पोटदुखीवर हो हो म्हणावं तसं.

मुंबईला जायचं म्हणजे बाबांना एकटं सोडायचं. बाबा तांडेल होते, म्हणजे मासेमारीच्या होडीवर ज्याच्या शब्दावर सगळी माणसं हलतात तो. मुंबईत ते माझ्या खोलीवर एकदा राहिले होते आणि तिसऱ्या दिवशी एसटीची चौकशी करायला लागले होते. ते येणार नव्हते आणि मी त्यांना या म्हणणार नव्हते. पण खरं सांगू का, मला त्याहून जास्त झोंबलं होतं ते दुसरंच. मी कामचुकार ठरून परत जाणार होते. जी गोष्ट मी कधी केली नाही तिच्यासाठी मान खाली घालून त्या मुलींच्या शेजारी बसणार होते. संध्याकाळी मी हे सगळं बाबांना सांगितलं, मोठ्याने, कारण रागावले की माझा आवाज चढतो. ते टीव्हीसमोर बसले होते. हल्ली ते टीव्ही मुका ठेवूनच बघायचे. माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. त्यांनी टीव्ही बंद करून सगळं ऐकलं.

शेजारची काकी मालवणच्या बाजारात मासे विकते. दुसऱ्या दिवशी उरलेले बांगडे द्यायला ती आली आणि माझा चेहरा बघून बाबांना म्हणाली, "देवाक गाऱ्हाणा घाला. इतका सगळा करून बघलात, ह्या एक ऱ्हवला."

मी म्हटलं, "काकी, कीबोर्डाक गाऱ्हाणा घालतत काय?"

"होडयेच्या इंजनाक घालतत, मग ह्येका कित्याक नाय?" काकी म्हणाली.

बाबांनी नारळ आणला. अंगणात तुळशीसमोर ते उभे राहिले, मागे काकी. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे आपलं म्हणणं मोठ्याने मांडायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला साथ द्यायची. त्यात स्वतःची चूक लपवायची नसते, नाहीतर ते पोचत नाही असं मानतात. मी आत बसून अहवाल टाइप करत होते आणि चिडले होते. मशीन बिघडलंय, देव काय करणार, असं माझं चाललं होतं. पण बाबांचा आवाज समुद्रावर कमावलेला. खिडकीतून शब्द न् शब्द आत येत होता.

"बा देवा म्हाराजा," बाबा म्हणाले, "माझा चेडू हय घरात बसान मुंबैचा काम करता."

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाली. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

"तेच्या यंत्रातली अक्षरां गळतत. लोक म्हणतत तेचा लक्ष नाय. ता खोटा आसा म्हाराजा. मिया बघतंय, ता पाणी पिवक सुद्धा उठणा नाय."

"व्हय म्हाराजा."

"तेका मुंबैक धाडूचा आसात तर धाड. मी आडवूचंय नाय. पण चुकार म्हणान धाडू नको."

काकीला या वेळी साथ द्यायला जरा उशीर झाला. माझे हात कीबोर्डावरून उचलले गेले होते. मला वाटलं होतं, बाबा देवाला सांगतील की पोरीला माझ्याजवळ राहू दे. त्यांनी ते मागितलंच नाही.

"आणि माझी चूक आसात तर तीव सांगतंय," बाबा पुढे म्हणाले. "माका हल्ली ऐकाक येणा नाय. टीव्हीचो आवाज मोठो केलंय तर चेडवाक त्रास होतलो, म्हणान मिया कानाक लावची पेटी हाडलंय. तेका न सांगता फडताळात ठेवलंय. तेची काय बाधा झाली आसात तर ती माझ्यार घाल, तेच्यार नको."

मी उठले ती थेट टीव्हीच्या खोलीत गेले. आमच्या भिंती चिऱ्याच्या, हातभर जाड, पण फडताळ आहे तिथे मागे नुसती फळी. टीव्हीशेजारच्या त्या फडताळात, विणलेल्या रुमालाखाली एक काळी पेटी होती. तिच्यावर हिरवा दिवा चमकत होता आणि बाजूला बिनवायरचा हेडफोन. मी दारात दिसले की बाबा तो काढून ठेवत असणार. टीव्हीचा आवाज ती पेटी हवेतून बाबांच्या कानापर्यंत पोचवत होती. आणि फळीच्या पलीकडे, अगदी तिला पाठ लावून, मी माझा कॉम्प्युटर आणून ठेवला होता.

मी पेटी बंद केली आणि टाइप केलं. एकूण एक अक्षर आलं. पेटी चालू केली, पुन्हा गळती. बंद, चालू, असं मी करत राहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं नव्हतं. मला कोणाला तरी धरून गदागदा हलवायचं होतं.

बाबा आत आले. मी त्यांच्यावरच ओरडले, "माका सांगलात कित्याक नाय?"

"काय सांगू?" ते म्हणाले. "तांडेल बहिरो झालो म्हणान?"

ते पेटीची वायर काढायला गेले. "माका नको ता," म्हणाले. मी त्यांचा हात धरला. त्यांच्या हातून एक वस्तू काढून घेऊन माझी नोकरी वाचवायची, एवढं कंपनीचं माझ्यावर ऋण नव्हतं. मी बाजारातून एक्स्टेन्शनची साधी वायर आणली. तिला मशीनची काही हरकत नसते. रिसीव्हर कॉम्प्युटरच्या पाठीतून काढून त्या वायरीने पुढे, कीबोर्डाच्या अगदी जवळ आणला. टेबल ओढून परत खिडकीपाशी नेलं, खारी हवा येवो नाहीतर आणखी काही येवो. पेटीही फडताळातून काढून टीव्हीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. बाबा त्यांची मालिका बघत होते, मी टाइप करत होते आणि पडद्यावर मी दाबलेलं तेवढंच उमटत होतं.

त्यानंतर एकही अहवाल परत आला नाही. पुढच्या मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, मॅडमनी मनावर घेतलं. लक्ष दिलं की होतं."

मी माईक चालू केला. "सर, लक्ष पहिल्यापासून होतं," मी म्हणाले. "रिसीव्हरजवळ दुसरं उपकरण होतं, त्याचा अडथळा येत होता. मी तुम्हाला बिघाड आहे म्हणून सांगितलंही होतं. तुम्ही सगळ्यांसमोर मला बोललात, तर चूक माझी नव्हती हेही सगळ्यांसमोर सांगा."

कोणी हसलं नाही. साहेबांनी घसा साफ केला. "जाऊ दे मॅडम, जुनं कशाला उकरायचं. तुम्ही तिकडूनच करा काम, ऑफिसला यायची गरज नाही," म्हणाले आणि पुढच्या विषयावर गेले. मी मीटिंगमधून बाहेर पडले.

बाबा दारात उभे होते. "काय म्हणालो तो?"

"हयच ऱ्हव म्हणालो," मी मोठ्याने सांगितलं.

"बरा झाला. आणि चूक तुझी नाय, ता म्हणालो?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाय," मी म्हणाले. "ता नाय म्हणालो."

बाबांनी खुंटीवरचा सदरा काढला, अंगात घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. मामलेदार कचेरीत जाताना लावायचे तशी. मग खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले.

"फोन लाव तेका," म्हणाले.

"बाबा, साहेब आसा तो माझो."

"आसांदे."

मी नंबर लावला आणि पलीकडे 'हॅलो' ऐकू आल्यावर फोन त्यांच्या हातात दिला. बाबा ताठ बसले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "नमस्कार. मी हिचा वडील बोलतोय. मला जे सांगायचंय ते शेवटपर्यंत ऐकून घ्या." पलीकडचं त्यांना काही ऐकू येणार नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती.