आधी वर बघ, मग वाक

लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. कॉलेजच्या अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा असे सांगण्यात आले, तेव्हा मला पाठीमागे धरलेला एक डावा हात आठवला. या धिटाईबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

तो हात मांडवीच्या आमच्या पाखाडीतल्या, म्हणजे वाडीतल्या, तात्यांचा. विजेच्या खांबाजवळून जाताना तो आपोआप पाठीमागे जाई. तात्यांची उमेदीची वर्षे आगबोटींवर दिव्यांचे काम करण्यात गेली होती. तिथे त्यांचा जोडीदार एका हाताने लोखंडी कठडा धरून दुसऱ्या हाताने तुटकी तार बाजूला करायला गेला. "एक हात पाठीमागे ठेवला असता तर..." तात्या एवढेच सांगत. पुढचे कधी सांगत नसत.

गावात वीज आली, पाखाडीत खांब उभे राहिले, आणि म्हाताऱ्या तात्यांना जणू पुन्हा नोकरी लागली.

आमच्याकडे रीत अशी, की वाटेवर पडलेल्या झावळीला जो पहिला हात लावील, त्याची ती. चुलीला जळण होते, पडवीला झाप होतो. वारा सुटून माडावरून झावळ कोसळली, की बायका आणि आम्ही पोरे खाली मान घालून धावत सुटायचो. तात्यांना धास्ती होती ती याचीच. एखादी झावळ येताना तार घेऊन आली तर? पात्यांत गुंतलेली तार दिसायची नाही.

म्हणून संध्याकाळी ते आम्हाला पुळणीच्या वाळूत जमवीत. दोन काठ्यांना सुंभ बांधला की झाली तार. कधी ती जागेवर असे, कधी त्यांनी गुपचूप सोडलेली असे. मग झावळ टाकून ओरडत, "आधी वर बघ, मग वाक!"

वर तार नसेल तर वाकायचे नाही. लांब सरायचे, माणसे अडवायची, एकाने पॉवर हाऊसकडे पळायचे. "आणि मेल्यांनो, शहाणपणा करून काठीने ढोसू नका. ओली काठी नि तार सारखीच." चुकेल त्याने मढे होऊन वाळूत पडायचे. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच मढे व्हायचे होते. तात्या कपाळाला हात लावून बसले.

घरच्यासाठीही धडा होता. बटणाला हात लावण्याआधी तो पुसून कोरडा करायचा. ज्यांच्या घरी वीजच नव्हती, तेही भिंतीला हात लावण्याआधी सदऱ्याला पुसत.

शेजारच्या काकीला हे सारे पोरखेळ वाटे. एकदा तिने मासळी सुकवायची दोरी खांबाला बांधली. तात्यांनी ती सोडवली.

"खांब तुझ्या बापसाचा काय रे?"

"माझ्या नाय गो, यमाच्या बापसाचा. जाऊन विचार."

"पोरांना भेवडवतोस नुसता!"

तात्या रागावले नाहीत. आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "एक जीव वाचला ना, तरी माझी मजुरी पावली."

मी मुंबईला शिकायला आलो. पावसाळ्यात आगबोटी बंद, त्यामुळे गावची खबर नाही. बोटी सुरू झाल्यावर काकी मुलाकडे आली, तेव्हा भेटायला गेलो. मला बघताच तिने माझा हात धरला.

"आषाढात वारा सुटला होता. दाराशीच झावळ पडली. मी वाकणार, तर ही पोरं आडवी! डावे हात पाठीमागे. 'काकी, आधी वर बघ!' मी शिव्या घातल्या. हटेनात मेली. मग वर बघितलं, तर तार नाय! झावळीत होती रे, खाली. पॉवर हाऊसचा माणूस येईस्तोवर कुणाला जवळ फिरकू दिलं नाय पोरांनी."

मी म्हटले, "तात्यांना केवढा अभिमान वाटला असेल!"

काकीने माझा हात सोडला नाही.

"तात्या कुठला रे बाबा? त्याचं बारावं आधीच झालेलं. पोरं एकटीच उभी होती."