त्या मंगळवारी मी बोललो ते

नांदेड-किनवट गाडीवर कंडक्टर होतो तेव्हा माझं तोंड लई खराब होतं. शिवी हासडली की गर्दी लवकर मागं सरकते, हा माझा अनुभव. ड्रायव्हर हसायचा, मग मला आणखी चेव यायचा.

इस्लापूरला दर मंगळवारी एक म्हातारा चढायचा. धोतर, खांद्यावर टॉवेल, डाव्या पायाला पट्टी. त्याला साखरेची बीमारी होती आणि पायाची जखम भरत नव्हती. ड्रेसिंगसाठी तो नांदेडच्या दवाखान्यात जायचा. हे त्यानंच तिकीट घेता घेता सांगितलं होतं, मी न विचारता.

मे महिन्यातला मंगळवार होता. गाडी खच्चून भरलेली. म्हाताऱ्याच्या शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. वास मलाही आला होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "ए म्हाताऱ्या, मेलेल्या ढोरासारखा वास मारून राहिला. ऊठ, मागं जा, न्हाई तर उतर खाली." पुढं त्याच्या आईवरून एक शिवी घातली, ती इथं लिहीत नाही.

दोन-चार जण हसले. म्हातारा उठला, दांड्या धरत धरत मागं गेला आणि हिमायतनगरला उतरला. नांदेडचं तिकीट त्याच्या हातातच होतं. मी घंटी मारली. दारातून दिसला तेव्हा तो उन्हात वाकून पायाला टॉवेल गुंडाळत होता.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पावसाळा सरता सरता इस्लापूरला एक बाई डबा घेऊन चढली. दवाखान्यात चालले म्हणाली. मी सहज विचारलं, ते पट्टीवाले बाबा दिसत नाहीत हल्ली. ती त्यांचीच सून निघाली. मामांनी मेपासून दवाखाना सोडला होता. घरच्यांनी हातापाया पडून सांगितलं, पण ते एकच म्हणायचे, गाडीत माणसं नाक धरतात, मी न्हाई जात. घरीच हळद बांधत राहिले. आदल्या दिवशी त्यांचा पाय गुडघ्याच्या वरून कापला होता.

गाडीत कोण काय बोललं, हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. तिकीट फाडून दिलं.

थंडीत तो पुन्हा आला, कुबड्या घेऊन. लेकानं त्याला मागून उचलून चढवलं. मी पुढची सीट रिकामी करून दिली. तिकिटाला वाकलो तर त्यानं माझी बाही धरली आणि हळूच विचारलं,

"साहेब, आता वास येत न्हाई ना?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

"न्हाई, बाबा," मी म्हणालो. "तवा माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं? वास तर होताच."

त्यानंतर माझ्या तोंडून गाडीत शिवी गेली नाही. तब्येत बरी नाही का, असं ड्रायव्हर विचारायचा. म्हातारा आणखी दोनदा आला, मग दिसला नाही. सून एकदा थांब्यावर दिसली, पण तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रिटायर होऊन मला तीन वर्षं झाली. किनवटला बहीण राहते, ती सारखी बोलावते. मी अजून त्या रस्त्यानं गेलेलो नाही.