चेअरमननी माझं मत विचारलं

मित्रांनो, आज दुपारी सिंगल माल्ट व्हिस्की चाखली आणि अजून डोकं तापलेलंच आहे.

मी आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट. दुष्काळात ऊस वाळला, कारखाना बंद पडला. आमचा फिटर यंदा दुसऱ्याच्या फडात ऊस तोडायला गेलाय. आज चेअरमननी मांजरसुंब्याजवळच्या मळ्यात बोलावलं. वाटलं, कारखाना सुरू करायचं बोलतील, म्हणून लगेच गेलतो.

तिथं संचालक बसलेले. चेअरमननी परदेशी बाटली उघडली. "केमिस्ट साहेब, तुमी जाणकार. चव सांगा."

आधी नाकात धूर शिरला, ओलं लाकूड पेटवल्यासारखा. मग घशात जाळ, मागून जवाचा हलका गोडवा. माल चांगला, पण कोवळा.

"लाकडी पिंपात अजून काही वर्षं ठेवायला पाहिजे होती," मी म्हणालो.

"बघा, मी म्हणलं नव्हतं का, कच्ची हाय?" चेअरमन संचालकांना म्हणाले. त्यांच्यात पैज लागलेली. तेवढ्यासाठी मला बोलावलं होतं.

मी कारखान्याचं विचारलं.

"आधी पाऊस तर पडू द्या," म्हणून त्यांनी विषय बदलला. मी ग्लास तसाच ठेवून निघालो.

कारखाना बंद पडल्यापासून आज पहिल्यांदा कुणी माझं मत विचारलं, आणि तेही परक्यांनी गाळलेल्या दारूबद्दल. तुमच्याकडच्या कारखान्यात कामगारांना कुणी काही विचारतं का?