घोडीला घातलं का?

ताटावर बसलं की बाबा एकच विचारायचे, "घोडीला घातलं का?" "घातलं" असं ऐकल्याशिवाय पहिला घास तोंडात जायचा नाही. पाहुण्यांसमोर मला त्याची लाज वाटायची. कोलशेतला खाडीच्या अंगाला आमचं घर, मागच्या भिंतीला लागून पत्र्याची पागा आणि तिच्यात वरातीची एकच पांढरी घोडी. लग्नसराईत नवरदेव तिच्यावर बसायचे, एरवी ती आमच्या डोक्यावर बसायची.

बाबांचे नियम साधे होते. आधी पाणी, मग गवत, मग चंदी, म्हणजे भिजवलेले हरभरे आणि कोंडा. थोडं थोडं, पण दिवसभर. नवीन काही द्यायचं तर चिमटीचिमटीने. शिजवलेलं अन्न तर नाहीच. "घोड्याला उलटी होत नाही. आत गेलं ते गेलं," असं म्हणून ते मला घोडीच्या कुशीला कान लावायला सांगायचे. आत सतत गुडगुड चाललेली असायची, शेजारच्या खोलीत कुणी भांडी आवरत असावं तशी. "हे पोट गप्प बसलं, तर समज, काहीतरी आलंय."

गेल्या हिवाळ्यात बाबांनीच अंथरूण धरलं. ताप उतरेना आणि अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघेना. पाजलेली पेज ओठांवरून ओघळायची. हे आता उठत नाहीत, असं आम्हाला वाटू लागलं. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात रजा टाकून घोडीचं खाणंपिणं मी हातात घेतलं.

अमावास्येला तिन्हीसांजेला आईने कुंकू घातलेला दहीभात बाबांवरून उतरवला. त्यांचं दुखणं त्या भातावर घ्यायचं आणि घराबाहेर नेऊन ठेवायचं. माझं डोकं फिरलं. "चिडू नको गं. तुझं शिक्षण तुझ्यापाशी, माझा नवरा माझ्यापाशी," ती म्हणाली. उतारा खरा तिठ्यावर ठेवायचा, पण बाबांना टाकून तेवढं लांब जायला तिचा पाय उचलेना. पागेमागच्या पायवाटेवर तिने पत्रावळ ठेवली आणि मागे न बघता परत आली. मागे बघायचं नसतंच. घोडी त्याच बाजूला चरायला सोडलेली होती.

मी तिला आत आणायला गेले तेव्हा पत्रावळ चाटून साफ झाली होती. घोडीचे ओठ लाल होते. मला रक्तच वाटलं. पुसलं तर कुंकू. तिने पाणी हुंगलं, गवताला तोंड लावलं नाही. पागेत गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्या भिंतीपलीकडे बाबांची खाट होती. मी तिच्या कुशीला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं. मी घाबरले, भयंकर घाबरले.

जनावरांचे डॉक्टर आले. नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली. काय खाल्लं ते मी सांगितलं, तर म्हणाले, "एवढ्याशा भाताने घोडी अशी पडत नाही हो." उजाडताना ती गेली.

घरात आले तर बाबा उशीला टेकून बसलेले. अंग गार, डोळे स्वच्छ. "भूक लागलीय," म्हणाले. घोडी गेल्याचं आईला मी दारातूनच खुणेने सांगितलं होतं. तिने भात कालवून ताट पुढे ठेवलं. बाबांनी घास उचलला आणि सवयीने थांबले.

"घोडीला घातलं का?"

मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घातलं," ती म्हणाली.

बाबा पोटभर जेवले.