भाईचो किलो

मालवणच्या शाळेतून निवृत्त झालेल्या लुईझाबाईंना बोलीतले शब्द टिपून ठेवायचं वेड. २००७ साली त्यांचा जुना विद्यार्थी निकेत म्हणाला, "बाई, वहीत कित्याक लिवतास? इंटरनेटर घालूया. कोणीय येवंदे, आपलो शब्द घालूंदे." त्यानं संकेतस्थळ उभं करून दिलं. पगारी माणूस एकही नाही. नियम एकच, तोही बाईंचा: शब्दाखाली तो घालणाऱ्याचं नाव हवं. दोन वर्षांत चौदाशे शब्द जमले.

त्यातलाच एक 'भाईचो किलो'. अर्थ: नऊशे ग्रॅम. भाई म्हणजे बंदरावरचे एक बडे मासळी व्यापारी. त्यांच्या तराजूची ख्याती साऱ्या किनाऱ्याला ठाऊक. शब्द घातला निकेतनं, आणि बाईंना वाचून दाखवताना हसून हसून खुर्चीतून पडायचाच बाकी होता.

मग भाईंच्या वकिलाची बदनामीची नोटीस आली. त्याच आठवड्यात पेपरात बातमी: माध्यमांसाठी नवा कायदा येऊ घातलाय. संकेतस्थळावर कोणीही काहीही लिहो, गुन्हेगार ते चालवणारा.

"अजून मसुदोच आसा मां?" बाई म्हणाल्या.

"मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज आसा, बाई. आपल्याकडे कोण? मी नि तुमी!" ओरोसच्या एका सरकारी कचेरीत निकेतची नोकरी जवळजवळ ठरली होती.

"मगे तो एक शब्द काडूया. भाईक मी समजावतंय. बाकीच्यांनी काय पाप केल्यानी?"

"बगतंय मी," निकेत म्हणाला.

दोन दिवसांनी बाईंनी ते पान उघडलं. शब्द तिथंच होता. खाली नाव: लुईझाबाई.

त्यांनी चष्मा पुसला. मग बदलांची यादी उघडली. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप व्हायची. ती सोय निकेतनंच केली होती आणि घाईत तोच विसरला होता. काल, सकाळी अकरा वीस. निकेत.

"माझां नाव कित्याक घातलंस रे?" त्यांनी फोनवर विचारलं.

"बाई, नोकरीआधी माझी चौकशी होतली. तुमी रिटायर. तुमका कोण काय करतलो?"

"माका इचारलां असतांस तर मी होय म्हटलां असतां. न इचारता केलंस. आता बदल तां."

दुसऱ्या दिवशी संकेतस्थळ उघडेना. बदलांची यादीही त्याच्याबरोबर गेली. आठवड्यानं वकिलाचं दुसरं पत्र आलं: 'सदर मजकूर आपणच घातल्याचे आपले सहकारी श्री. निकेत यांनी लेखी कळविले आहे.'

बाईंनी पुन्हा फोन लावला. "शब्द खंय आसत, निकेत? कॉपी तरी ठेवलंस?"

"सर्व मजकूर नष्ट केलेला आहे, मॅडम. आपण भाईंना दोन ओळींचं माफीपत्र द्यावं, म्हणजे विषय संपेल."

बाई थबकल्या. दोन वर्षं एकेका शब्दावरून हा पोरगा त्यांच्याशी मालवणीत कडाकडा भांडला होता. आज कचेरीच्या खिडकीआडून बोलावं तसा बोलत होता.

"तुझ्या बाजूक कोण बसलोसा काय रे?" त्यांनी हळूच विचारलं. असेल कोणीतरी साहेब, म्हणून बोलत असेल असा.

"नाही," निकेत म्हणाला. "मी एकटाच आहे."