बॉनेटवरची बा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे माझी फजिती आहे, आणि माझ्या फजितीला माझ्या तोंडावर हसलेलं मला चालत नाही. आमच्या ह्यांना विचारा. हसू आलं की ते उठून नळाला पाणी आलं का बघायला जातात. दुपारी तीन वाजता!

तर डिंडोलीत आमचं डेंटिंगचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, डोक्यावर पत्रा, समोर पत्रा आणि मध्ये आम्ही दोघं. हे ठोकतात, मी घासते. पोचा काढून झाला, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाली, की पाणी आणि पॉलिशपेपर घेऊन घासायचं काम माझं. शाळा माझी चौथीपर्यंत. पण पत्र्यावरून तळहात फिरवला की कुठे उंच आणि कुठे खोल, ते मला चष्मेवाल्यांच्या आधी कळतं.

एके दिवशी धनसुखकाका त्यांची जुनी अँबेसेडर घेऊन आले. नदीपलीकडे राहतात. गुजराती माणूस, स्वभावाने लोणी. त्यांच्या स्वतःच्या लग्नातली ती गाडी. आता मुलगी कृपा रविवारी त्याच गाडीतून सासरी जाणार होती, म्हणून गाडी नवी करून हवी होती. पोचे तरी किती! दारं, मडगार्ड, डिकी, जशी काही कोणी कणीक म्हणून तिंबली होती.

हे खडू घेऊन गाडीभोवती फिरले, काका मागे मागे. जिथे पोचा, तिथे खडूचा गोल. मी तेव्हा आत चहा करत होते. माझं नशीब पाहा, नेमका तेव्हाच मला चहा सुचला!

चार दिवसांत ह्यांनी गोलातले सगळे पोचे काढले. मंगळवारी धरणगावहून निरोप आला, मामांचा दहावा. हे निघाले. निघताना बोट दाखवून म्हणाले, "शकू, मी उद्या संध्याकाळी येतो. आलो की प्रायमर. तू फक्त घास. हातोडीला हात लावू नको."

आता मला सांगा, असं सांगितल्यावर कोणाचा हात जागेवर राहतो?

बुधवारी सकाळी घासत घासत बॉनेटपाशी आले आणि थबकले. मधोमध परातीएवढा पोचा! आणि त्यावर खडूची ही एवढी फुली.

म्हटलं, बघा! एवढे बारकेसारके काढले आणि सगळ्यात मोठा विसरून गेले. बाईमाणूस विसरली असती तर सात दिवस ऐकवलं असतं.

तुम्ही म्हणाल, फुली बघून थांबावं ना? कसं थांबू? गॅरेजच्या आधी बारा वर्षं मी बमरोलीला कापड तपासायला होते. टेबलावरून कापड सरकायचं, धागा तुटलेला दिसला की आम्ही बाया तिथे खडूने फुली मारायचो. फुली म्हणजे खोट. फुली म्हणजे हे आधी दुरुस्त करा, मग पुढे जा. बारा वर्षांत फुलीवरची खोट मी कधी पुढे जाऊ दिली नाही. मुकादम बदलले, मी नाही बदलले.

घेतली हातोडी. खालून लोखंडी ठोकळा लावला, वरून कडेकडेने ठोकत आत आले, ह्यांचं बघून बघून पाठ झालेलं. मधला पत्रा ताणला होता, टुणुक टुणुक करत होता. त्याला गॅसचा शेक दिला, ओलं फडकं मारलं, चर्र! बसला चूप. दुपारपर्यंत बॉनेट असं झालं की माशी बसली तर घसरेल. साड्यांना फॉल लावणाऱ्या शेजारच्या रंजनाला मुद्दाम बोलावून दाखवलं. "हातोडीला हात लावू नको म्हणे!"

तेवढ्यात धनसुखकाका आले. हसत आले. बॉनेटजवळ गेले. हसणं गेलं.

"बेन, मारी बा क्यां गई?"

बा म्हणजे त्यांची आई, एवढं मला कळतं. मी इकडेतिकडे पाहिलं. "काका, सकाळपासून मी इथेच आहे. इथे कोणी म्हातारी आली नाही."

"अहींज बेठेली हती!" इथेच बसलेली होती म्हणे.

"इथे? या उन्हात? आणि तुम्ही तिला एकटी बसवून गेलात?" माझं डोकंच फिरलं. "लाज वाटते का काही? म्हातारी आई म्हणजे काय गाडीचं सामान आहे, टाकून जायला? काय नेसली होती?"

काका रुमालात तोंड घालून म्हणाले, "हिरवी बांधणी."

मी चप्पल घातली आणि गल्लीला कामाला लावलं. रंजना भाजीबाजाराकडे पळाली, मी देवळाकडे. पुजाऱ्याला म्हटलं, भोंग्यावर सांगा, हिरवी बांधणी नेसलेली आजी हरवली आहे. पंधरा मिनिटांत अख्खी डिंडोली आजी शोधत होती. मी घामाघूम होऊन परत आले तर रंजना एका म्हातारीचा हात धरून उभी. हिरवी बांधणी, काखेत दुधी आणि तोंडात शिव्या. "मने छोड! मारी रसोई बाकी छे!"

"ही घ्या तुमची बा!" मी काकांना म्हटलं.

काकांनी मान हलवली आणि हात माझ्या त्या गुळगुळीत बॉनेटवर ठेवला.

"ही नाही, बेन. बा इथे होती."

मग कळलं. काकांच्या लग्नात फोटो काढताना बा हिरवी बांधणी नेसून या बॉनेटवर बसल्या होत्या आणि त्यांच्या वजनाने पत्रा आत गेला होता. बा गेल्या, पोचा राहिला. घरात दसऱ्याला आधी देवाला कुंकू, मग त्या पोच्याला. रविवारी सासरी निघताना कृपाला त्याच्याच पाया पडायचं होतं. ह्यांनी काकांसमोर फुली मारली होती ती एवढ्यासाठीच. आमच्या गॅरेजात गोल म्हणजे काढा आणि फुली म्हणजे हात लावायचा नाही. हे मला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. मी विचारलं होतं? तेही नाही.

दुधीवाली आजी तेवढी सगळं ऐकून घेऊन, मला दोन शब्द सुनावून गेली. मी, जिच्यापुढे मुकादम टिकला नाही, ती खाली मान घालून ऐकत राहिले.

संध्याकाळी हे आले. बॉनेट पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. रागावले की ह्यांची अहिराणी बाहेर पडते.

"काय करं व हाई तू? कोनी सांगं तुले?"

"परत पाडा ना पोचा. तुम्ही कारागीर आहात."

"हातोडीचा पोचा हातोडीचा दिसतो. हा बसून आलेला आहे. बसूनच येईल."

काकांनी घरून लग्नाचा फोटो आणला होता. बा बॉनेटवर बसलेल्या, पाय लोंबकळत, चेहऱ्यावर भाव असा की उठवून दाखवा. अंगाने चांगल्या भरलेल्या. ह्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"माझ्याकडे कशाला बघता?"

"मी कुठे बघतोय?"

"बघताय!"

रंजना फोटोत डोकं घालून म्हणाली, "शकू, चेहरा सोड. पण बांधा बघ गं. तूच!"

दुसरा दिवस असता तर रंजनाची धडगत नव्हती. पण काका कोपऱ्यात स्टुलावर बसून रुमालाची घडी घालत होते, उलगडत होते. चढले बाई बॉनेटवर. पाहुण्यांच्या नव्या सोफ्यावर बसतात तशी अलगद बसले.

काही झालं नाही. पत्रा ढिम्म. काम कोणाचं होतं? माझंच!

"अशी नको," हे म्हणाले. "काका, बा कशा बसल्या होत्या?"

"रिसाईने," काका म्हणाले. रुसून! व्याह्यांनी चहा विचारला नव्हता म्हणे.

"शकू, रागाने बस."

"कोणाच्या रागाने?"

हे दोन पावलं मागे सरकले, रस्ता मोकळा आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "तुझ्या माहेरच्या शेवभाजीला चव नसते."

भड्डाम!

शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. मी उतरले. काका पुढे झाले, डोळे मिटले, पोच्यावरून हळूहळू हात फिरवला. "बा!" म्हणाले आणि डोळ्यांतून धारा. माझाही ऊर भरून आला. मग त्यांनी पुन्हा एकदा हात फिरवला. थोडा इकडे, थोडा तिकडे, अजून थोडा तिकडे.

"बेन, वाईट नको वाटून घेऊ," ते अगदी हळू म्हणाले, "बा जरा बारीक होती."

हे नळाला पाणी बघायला गेले. परत आले ते खडू घेऊन. माझा जो जास्तीचा भाग होता त्याच्याभोवती गोल काढला. तो काढायला ह्यांना गुरुवारची अख्खी सकाळ लागली.

रविवारी आम्हाला लग्नाचं आमंत्रण होतं. गाडी अशी चमकत होती की बघणाऱ्याने त्यात भांग पाडावा. कृपा रडत रडत आली, बॉनेटसमोर थांबली, पोच्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि वाकून डोकं टेकवलं. सगळं वऱ्हाड हात जोडून उभं. काका बा, बा करत होते.

आणि मला काय झालं देव जाणे, नमस्कार इतका मनापासून केलेला बघून माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "सुखी राहा, बाळा!"

सगळं वऱ्हाड वळून माझ्याकडे बघायला लागलं. ह्यांनी माझा दंड धरून मागे ओढलं आणि कानात म्हणाले, "तू गप. तुझं काम फक्त बसायचं होतं."