मामांचा हेल्वेटिका

मामा आधी अक्षरांचे पाय पाहत, मग पाटी वाचत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, आम्ही काय खायचं ते शोधायचो आणि ते मान तिरकी करून म्हणायचे, "हा आर बघ, तंगडी पसरून उभाय. एरियल! रुंदी हेल्वेटिकाची, चाल स्वतःची." मग त्याच स्टॉलवरचे नूडल्स चवीनं खायचे.

ते आमच्यापैकी कोणाचेच मामा नव्हते. नव्वदच्या दशकात परदेशात, क्वीन्सटाउन भागातल्या एका जहाज-व्यवसायाच्या साप्ताहिकात मी बातम्या लिहायचो, ते पानं लावायचे. सगळी हेल्वेटिकात. हा रोमन अक्षरांचा टाइप, म्हणजे फाँट, १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाला. परदेशातही खपावा म्हणून त्या देशाच्या लॅटिन नावावरून त्याचं पुन्हा बारसं झालं. हे मामा प्रत्येक नवख्याला ऐकवत. वर म्हणत, "याला स्वतःचं काही सांगायचं नसतं, म्हणून लोक विश्वास ठेवतात." बातमी मी आणायची आणि विश्वास टाइपनं मिळवायचा, हे मला झोंबायचं.

खरं दुखणं मात्र घरी होतं. रविवारी मामा आमच्या सेरंगूनच्या फ्लॅटवर जेवायला येत. माझी मुलगी ईशा शाळेत जायला लागल्यापासून माझ्याशी इंग्रजीतच बोलायची. मी मराठी गोष्टीचं पुस्तक उघडलं की तिला पेंग यायची. मामा बिस्किटाचा पुडा पुढे सरकवत. "हा कोण गं?"

"आरचा पाय सरळ खाली उतरतो. हेल्वेटिका!" ईशा म्हणायची. स्वच्छ मराठीत.

एकदा मीही एका दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवलं. "ईशा, हेल्वेटिका ना?"

"नो लाह, बाबा. दॅट्स एरियल. आस्क मामा," ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली.

बायको हसली. मला हसू आलं नाही.

मामा कायमचे पुण्याला परतले तेव्हा ईशा विमानतळावर हमसून रडली. मी कामासाठी आठवडाभर बँकॉकला निघालो, की ती टीव्हीवरची नजरही काढत नसे.

पुढच्या रविवारी मी मामांच्या खुर्चीत बसलो. बिस्किटाचा पुडा तिच्यापुढे सरकवला. "हा कोण गं?"

ईशानं आधी पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, तू मामांसारखं नको ना करूस."

कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी अख्खं वाक्य मराठीत बोलली होती. त्यातही मामाच होते.